बास्केटखालचं तेल

मुनाफभाईंइतका भित्रा माणूस मी जेद्दात दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगायची आणि ते मुकाट मान डोलवायचे. लिफ्टला भ्यायचे, मॅनेजरला भ्यायचे, रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की आपल्याच हातून काहीतरी घडलंय असं धरून चालायचे. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, शर्टाच्या खिशात. आणि उजवा हात सारखा त्या खिशावर. "पळून नाही हो गेला," मी म्हणायची. "तसा नाय ताई," ते म्हणायचे, "पण बघितलेला बरा."

ते बाणकोटचे, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातले. इथे एका सफाई कंपनीने त्यांना बास्केटबॉलच्या हॉलमध्ये कोर्ट पुसायला लावलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट, माहेर कराड. सामने असले की आमचं हॉस्पिटल मला खेळाडूंच्या बाकामागे बसवतं. त्या अख्ख्या हॉलमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही.

आखातातल्या आणि आसपासच्या देशांतल्या क्लबांची ही स्पर्धा सुरू होऊन दुसरंच वर्ष होतं. पहिल्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि गुणफलक मध्येच बंद पडलेला, अशी शोभा झाली होती. यंदा पाहणीला बाहेरून समिती येणार, सामना मोबाईलवर जगभर दिसणार. हॉलचा मॅनेजर आठवडाभर एकच पालुपद लावून बसला होता: कोर्ट चमकलं पाहिजे.

मुनाफभाईंना त्याच आठवड्यात आणखी एक घोर होता, पण गोड. अमिरुन्निसाभाभी आणि लेक सहर पहिल्यांदाच जेद्दाला यायच्या होत्या. तिकिटं निघाली होती. सहरला बाप माहीत होता तो फोनमधला आणि सुट्टीतला. "तुझा तोंड दिसेल अशी लादी दाखवतो," असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. त्या दोघींचा व्हिसा त्यांच्या इकाम्यावर निघाला होता. इकामा गेला की व्हिसा गेला. मग खिशावरचा हात हलतोय कशाला!

सामन्याच्या दिवशी दोन्ही संघ सरावाला उतरले. बैरूतचा संघ डावीकडच्या बास्केटवर. रबरी तळांच्या बुटांची ती चिरचिर ज्याने ऐकली नाही त्याला कोर्ट म्हणजे काय ते कळायचं नाही. नुसते कान किटतात. मी पट्ट्या कापत बसले होते, तेवढ्यात मुनाफभाई मागे येऊन उभे राहिले. चेहरा राखेसारखा.

"ताई, तिथं आवाज येत नाय."

"कुठं?"

"बास्केटच्या खाली. बूट वाजत नाय. ताई, मी तिथं तेल दिलाय."

मला आधी समजेचना. मग त्यांनी भडाभडा सांगितलं. एसीच्या हवेने बास्केटखालच्या फळ्या पांढुरक्या पडल्या होत्या. कितीही पुसा, तिथे चमक येईना. बाणकोटला होडीचं लाकूड असं सुकलं की त्याला तेल पाजतात. लाकूड तहानलेलं ठेवणं हे त्यांच्या घरात पापच. त्यांनी दुपारी खोलीवरचं खोबरेल आणलं आणि फडक्याने जिरवून जिरवून चोळलं. जागा अशी उजळली की मॅनेजरने पाठ थोपटली. पण होडीवर कोणी बूट घालून उड्या मारत नाही, हे त्यांच्या डोक्यात आता आलं होतं.

गुडघा निखळतो तेव्हा कसा आवाज होतो ते मला माहीत आहे, आणि तो मला पुन्हा ऐकायचा नव्हता. समोर बैरूतचा तो ताडमाड गडी उडी मारून उतरला, पाय सर्रकन सरकला, कसाबसा सावरला आणि स्वतःच्याच बुटाकडे बघू लागला.

"चला, मॅनेजरला सांगू."

"सांगितला तर मी खलास, ताई. सहर यायचीय."

"मग मी सांगते. तेल सांडलंय म्हणते. तुमचं नाव नाही घेत."

त्यांनी कोर्टाकडे पाहिलं. हो म्हणाले असते तर मी खरंच खोटं बोलले असते आणि मला झोपही लागली असती. तेवढ्यात शिट्टी झाली. खेळाडू रांग सोडून आपापल्या जागी निघाले, पंच चेंडू घेऊन मधोमध आला. मॅनेजर पार पलीकडे, समितीच्या खुर्च्यांपाशी. मी उठेपर्यंत मुनाफभाई कोर्टावर होते.

चपला त्यांनी कडेला काढल्या होत्या, मशिदीत शिरताना काढतात तशा. अनवाणी धावत जाऊन ते बास्केटखाली उभे राहिले आणि हात आडवे पसरले. पाय लटलट कापत होते. प्रेक्षक हसले. मॅनेजर ओरडत धावत आला. पंचाने बुटाचं टोक फळीवर टेकवून पाहिलं, ते लोण्यावरून जावं तसं गेलं, आणि हसू थांबलं.

"कोणी केलं हे?" मॅनेजरने अरबीत विचारलं. कडेला सफाईचे सगळे लोक ओळीने उभे होते, प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता.

"अना," मुनाफभाई म्हणाले. मी. आवाज एवढासा. कोणी ऐकलं नसेल असं वाटून त्यांनी छातीवर हात ठेवून पुन्हा म्हटलं, "अना."

साबणाच्या पाण्याने जागा घासून कोरडी केली, सामना उशिरा सुरू झाला, कोणी जिंकलं, कोणी हरलं. कोणाचा गुडघा गेला नाही. समितीने मॅनेजरला झापलं, मॅनेजरने कंपनीला, आणि कंपनीने दोन दिवसांत मुनाफभाईंना परतीचा रस्ता दाखवला. मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन भांडले. तिथल्या साहेबाने मला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि काहीही केलं नाही. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

जेद्दाच्या शराफिया भागातल्या एका हॉटेलात त्यांनी माझ्यासमोरच घरी व्हिडिओ कॉल लावला. एकट्याने लावायची हिंमत नव्हती. नोकरी आणि व्हिसा गेल्याचं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. सामना तिकडे अख्ख्या मोहल्ल्याने पाहिला होता, लादी पुसताना अब्बा दिसतील म्हणून.

"तुमचे पाय केवढे कापत होते!" भाभी म्हणाल्या. व्हिशाचं काही बोलल्याच नाहीत. "आमाला इथून दिसत होते."

"भीती वाटत होती गो."

"मग गेलात कशाला?"

तेवढ्यात सहरने फोन ओढून घेतला. "अब्बा, तो लांबडा माणूस पडला नाय ना?"

"नाय बेटा."

"मग तुमी कधी येताय?"

मुनाफभाईंचा हात सवयीने खिशावर गेला. खिसा रिकामा होता. इकामा कंपनीने सकाळीच काढून घेतला होता. हात तिथे क्षणभर थांबला, मग खाली आला, आणि त्यांनी लेकीला विमानाचा दिवस सांगितला.