मंडळाचा बिल्ला

नातवाच्या अंगणवाडीतली सुकडीची पिशवी काल फोडली आणि त्या गोड, खमंग वासानं माझं तोंड कडू झालं.

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापुरात दहावीला होते, शाळेच्या सेवा मंडळाची सेक्रेटरी. सुट्टीत आम्ही ट्रकनं करमाळ्याकडच्या दुष्काळी कामावर सुकडी वाटायला गेलो. तिथं आमच्याच वर्गातली पारू आईबरोबर खडी फोडत होती. आम्हाला बघताच तिनं लुगड्याच्या चिंधीला हात पुसले, कनवटीचा मंडळाचा बिल्ला काढून छातीवर लावला आणि हसत म्हणाली, "मी बी वाटू लागते की!"

सर मला म्हणाले, "हिला रांगेत घे, फोटो चांगला येईल. तो बिल्ला तेवढा काढ."

मीच काढला. पारूनं ओंजळ पुढे केली. फोटोत मी हसतेय.

ट्रक निघाला तशी ती फुफाट्यातून मागं धावत आली. "माजा बिल्ला दे की गं!"

सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मला अडवणारं कुणीच नव्हतं. तरी मी मूठ उघडली नाही.