सलीमच्या पोटातले जंत

फातमाबी गेल्याचं कळलं तेव्हा मी चुलीपुढे होते. तव्यावरची भाकरी तशीच करपली... शहाद्याच्या वेशीबाहेर आमचं शेतकऱ्याचं घर आणि त्यांचं रंगाऱ्याचं, मध्ये फक्त एक कूड. त्या बाईमुळे माझी सुशी जगली, हे आज उघडपणे लिहिते.

सुशी लहान होती. तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या, एक दिवस जंत पडले. सासूबाईंनी आधी तिचा गूळ बंद केला, मग रात्रीचं जेवण. जंतांना उपाशी मारायचं म्हणे! मरत होती ती माझी पोर. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायच्या, "गावमा बोभाटा व्हई. लोक म्हनतीन, यास्ना घर घाण शे." वस्तीतली सगळी पोरं एकाच बांधावर परसाकडे बसायची, त्याच हातांनी बोरं खायची, पण विचाराल तर जंत कुणाच्याच घरी नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची!

सुशीचं भुकेचं रडणं कुडापलीकडे ऐकू जात असणार. एके सकाळी फातमाबी विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "मन्हा सलीमले जंत पडनात वं. आज तेले दवाखानामा लई जासू. कोण येस संगे?"

मग एक हळूच म्हणाली, "मन्ही पोरले बी..." आणि बघता बघता घरोघरी मातीच्याच चुली निघाल्या. सासूबाईंना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

दवाखान्याच्या वाटेवर आमच्या प्रत्येकीच्या कडेवर पोर होतं, फातमाबी मात्र मोकळी. मी विचारलं, "सलीम कोठे शे?"

"तो ते मामाघर शे, अक्कलकुवाले," ती ओढणीआड हसली. "कोणले सांगू नको."

डॉक्टरांनी पूड दिली, वर एरंडेल. सुशी सुधारली, हट्टाने जेवण मागू लागली. सासूबाई स्वतः वाढायच्या, हेही लिहायला हवं. मी फातमाबीचे आभार मानायला गेले, की ती दुसराच विषय काढायची.

परवा तिच्या चाळिसाव्याला आम्ही सगळ्या गेलो. सुशीही सासरहून लेकराला घेऊन आली होती. फातमाबीच्या खोलीत खुंटीवर तिची निळे डाग पडलेली ओढणी अजून तशीच. सलीम आता बापाचा धंदा बघतो. सगळे बसलेले असताना शेजारच्या म्हाताऱ्या काकींनी त्याला विचारलं, "तू धाकला व्हता तवय तुले जंत पडनात ना, भाऊ? आते पोट बरं शे का?"

सलीमने माझ्याकडे पाहिलं, सुशीकडे पाहिलं.

"हा काकी," तो म्हणाला, "अम्मानी दवा दिन्ही, मंग बरं व्हयनं."