तिच्या वाक्यामागून येणारे आमचे आवाज

लेक सहा वर्षांची होईपर्यंत तिचं बोलणं मला अगदी स्पष्ट कळत होतं. घोळ नेमका तिथेच होता.

ती जन्मली तेव्हा तिची टाळू दुभंगलेली होती. वर्षाची असताना दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन करून ती शिवली. आता प्रश्न होता की तेवढं पुरलं का. बोलताना हवा अजून नाकातून निसटत असेल, तर दुसरं ऑपरेशन. नसेल, तर नुसते सराव. शाळेतल्या बाई म्हणत, वर्गात हिचं बोलणं कुणाला समजत नाही. माझी आई म्हणायची, "पोपटासारखी बोलते पोर! त्या बाईंचेच कान तपासा." सर्जन म्हणाले, "देखते हैं." मी केंद्र सरकारच्या नोकरीत असल्यामुळे या शब्दांचा अर्थ मला ठाऊक आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत तो लावायला मन धजेना.

घरी तपासायची एक सोपी पद्धत आम्हाला दाखवली होती. नाकाखाली छोटा आरसा धरायचा, मुलीला 'पापापा' म्हणायला लावायचं. आरशावर वाफ धरली तर हवा निसटतेय. जानेवारीचा महिना, दिल्लीची थंडी. लेकीची वाफ धरली. मग आम्ही आमच्यावरही करून पाहिलं. बायकोची धरली, माझीही धरली.

"चला, सगळ्यांचंच ऑपरेशन," बायको म्हणाली आणि आरसा पर्समध्ये टाकून दिला.

त्याच महिन्यात हॉस्पिटलने ऑपरेशन झालेल्या मुलांचा समारंभ ठेवला. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि मुलांच्या आवाजाबद्दल पंचवीस मिनिटं स्वतःच बोलले. ऑफिसात अशी भाषणं मीच लिहून देतो, त्यामुळे कुठला परिच्छेद कुठल्या जुन्या फायलीतून उचललाय याचा अंदाज येत होता. भाषण संपवून पाहुणे पहिल्या रांगेशी आले आणि माझ्या लेकीसमोर वाकले.

"बेटा, बड़ी होकर क्या बनोगी?"

तिने विचार केला आणि गडबडीत मराठीतच सांगितलं, "अजून ठरवलं नाही."

"डॉक्टर बनना चाहती है, सर," मी मागच्या रांगेतून म्हणालो.

टाळ्या पडल्या. लेक मान वळवून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. वेळ निभावून नेल्याचं मला समाधान होतं.

पुढच्या आठवड्यात स्पीच थेरपिस्ट बाईंनी तिच्या घरच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग मागितलं. ऑपरेशनचा निर्णय त्यावरच व्हायचा होता. मी सात दिवसांचं रेकॉर्डिंग तारीखवार लावून नेलं. बाईंनी थोडंसं ऐकलं आणि थांबवलं.

"सर, मराठी मुझे नहीं आती। पर हर बात दो बार क्यों है?"

मी ऐकलं. लेक म्हणते, "मला पोळी नको." पाठोपाठ माझी आई: "पोळी नको म्हणते." लेक विचारते, "बाबा कधी येणार?" पाठोपाठ बायको: "बाबा कधी येणार विचारतेय." रविवारच्या रेकॉर्डिंगमध्ये मी स्वतः आहे, आणि तिचं वाक्य संपायच्या आतच मी ते पुन्हा म्हणतोय. शेजाऱ्यांना, भाजीवाल्याला कळावं म्हणून कधीतरी सुरू केलेली ही सवय. पण घरात तर सगळे आम्हीच. मग हे कुणाला सांगत होतो?

बाई म्हणाल्या, तिला अशा ठिकाणी न्या जिथे तिला स्वतः मागावं लागेल. "और आप लोग बिल्कुल चुप।"

आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कँटीनमध्ये गेलो. तिथे मराठी जेवण मिळतं आणि तिच्यासाठी आम्ही नेहमी लोणी घातलेलं थालीपीठ मागवतो. आईला घरीच ठेवलं. तिला गप्प बसवणं माझ्या अधिकारकक्षेत येत नाही. रुमालाखाली फोनवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं.

लेकीने मागणी सांगितली.

"काय?" वाढपी म्हणाला.

बायकोने टेबलाखाली माझं मनगट घट्ट धरलं. मला आवरायला की स्वतःला, ते कळलं नाही. लेकीने पुन्हा सांगितलं, सावकाश. तो "बरं" म्हणून गेला. थालीपीठ आलं, सोबत गुळाचा खडा.

"लोणी राहिलं," मी म्हणालो.

"छोटीनेच नको सांगितलं, साहेब. गूळ मागितला."

"अगं, तुला लोणी आवडतं ना?"

"आजीला आवडतं," लेक म्हणाली आणि खायला लागली.

घरी येऊन ते रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलं असेल. 'नको' त्यात होतं. 'लोणी' ऐकल्यावर पुढचं मी ऐकलंच नव्हतं. पण तिचं बोलणं स्पष्ट होतं का? वाढप्याला कळलं, म्हणजे होतं. त्याने आधी "काय?" विचारलं, म्हणजे नव्हतं. प्रत्येक वेळी ऐकून माझं मत बदलायचं.

थेरपिस्ट बाईंचं बदललं नाही. प आणि ब म्हणताना हवा निसटते, ऑपरेशन लागेल. सर्जननी तपासण्या करून डायरी उघडली आणि फेब्रुवारीतली तारीख लिहिली. लेक हिंदीत काहीतरी म्हणाली.

"क्या, बेटा?" सर्जननी विचारलं तिला, पण पाहिलं माझ्याकडे.

मी भिंतीवरचं जबड्याचं चित्र वाचू लागलो. बायकोला पर्समधला आरसा एकाएकी हवासा झाला.

"एनुअल डे के बाद," लेक पुन्हा म्हणाली. प्रत्येक शब्दाबरोबर नाकातून हवा गेली, ती मलाही ऐकू आली. "मेरे चार डायलॉग हैं।"

सर्जननी तारीख खोडून मार्चमधली लिहिली. शाळेच्या नाटकातल्या या डायलॉगचं आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. हे बोलणं घेऊन ती भर सभागृहात उभी राहणार याचा आनंद मानावा की धास्ती घ्यावी, माझं अजून ठरत नाही. घरी सध्या चर्चा आहे ती मी कुठल्या रांगेत बसावं याची. लेकीचं म्हणणं, शेवटच्या.