वडिलांचं गोंदण

आईचे दोन्ही हात गोंदलेले. खर्ड्याकडची ती, लहानपणीच सुईखाली बसवलेली. वडील भिंगारला लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून. त्यांना त्या हिरव्या ठिपक्यांची भारी गंमत वाटायची, संसारभर तिला चिडवलं. आई म्हणायची, "हसा. मेल्यावर सोनं काढून घेत्यात, गोंदण तेवढं संगं येतं."

नव्वदच्या दशकात वडिलांच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, परदेशात यकृतच बदलतात, आपल्याकडे अजून ती सोय नाही. आईनं पदर सावरला. "माझं अर्धं घ्या की." डॉक्टर हसले नाहीत, म्हणून तो माणूस मला आजही आवडतो. त्यांनी समजावलं, नेमका गाठीवर शेक देऊ. रेडिएशनला सगळे शेकच म्हणत. गाठ आक्रसली तर कापून काढता येईल. त्या 'तर'वर आमचा सगळा जीव टांगलेला.

मशीनचा नेम चुकू नये म्हणून उजव्या बरगडीवर जांभळ्या शाईनं चौकट आखली. तिथं पाणी लावायचं नाही. वडील म्हणजे रोज वजरीनं अंग घासणारा माणूस! आई न्हाणीच्या दाराशी पहारा द्यायची. तरी एकदा एस्टीतल्या घामानं रेघा पुसटल्या. आई घाबरली. ब्लाउज बेतायची तिला सवय, त्याच हातानं तिनं स्केचपेन घेऊन रेघा गडद केल्या, पण त्या बोटभर खाली गेल्या. मशीनवाल्याच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर शेक चांगल्या भागावर पडला असता. डॉक्टर लई तापले. आई मान खाली घालून रडली, आणि मला डॉक्टरांचाच राग आला. शेवटी त्यांनी चौकटीच्या कोपऱ्यांवर सुईनं कायमचे ठिपके गोंदले. पाण्याची बंदी मात्र तशीच राहिली.

परतीच्या एस्टीत वडिलांनी शर्ट वर करून आईला दाखवलं. "घे, आता मीही तुझ्यातलाच." लोक बघताहेत म्हणून मी दटावलं, तर दोघं मलाच हसली.

शेक पुरे व्हायच्या आधीच वडील गेले. शेवटची आंघोळ मी घालत होतो. चौकटीपाशी हात आपोआप थांबला. आई शेजारी येऊन बसली.

"धू आता," ती म्हणाली. "चांगलं चोळून धू. आंघोळीवाचून लई तरसले."

शाई पाण्याबरोबर वाहून गेली, ठिपके राहिले. आईनं त्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग बायका तिच्या बांगड्या उतरवायला आल्या, तेव्हा तिनं आपले गोंदलेले हात पुढं केले.