शिगेचं घमेलं

वराळ्याच्या एका छोट्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. लोखंडी सामान धुऊन उरलेलं ॲसिड चुन्याने मारायचं आणि मग टाकी रिकामी करायची, अशी आमची पद्धत. चुना किती लागेल ते मी काढतो. लिटरचे मोल, ॲसिडच्या दोन मोलांना चुन्याचा एक, मोलांचे ग्रॅम, ग्रॅमचे किलो. त्या दिवशी सदतीस किलो आले. या गणिताची मला भारी घमेंड होती.

चुना टाकणाऱ्या मावशी आमच्याच गावच्या, डोंगरावरच्या वाडीतल्या; सुगीला आमच्या खळ्यावर मजुरीला यायच्या. वजनकाटा बंद पडला होता. पण पूर्वी एकदा मी चुन्याचं घमेलं तोलून ठेवलं होतं, साडेसात किलो. त्यावरून त्यांना पाच घमेली टाकायला सांगितलं. घोडं पेंड खातं ते शेवटच्या पायरीवर, आणि ही पायरी मला गणितातली वाटलीच नाही. नंतर लिटमसचा कागद बुडवून ॲसिड मेलं का ते बघायला हवं होतं. कागद संपले होते. मी आकड्यावर विसंबलो.

पाणी उपसल्यावर मावशी तळाचा गाळ काढायला टाकीत उतरल्या. गमबूट फाटके होते. पाय चुरचुरत होते, तरी काम अर्धं टाकायचं नाही म्हणून तासभर तशाच उभ्या राहिल्या. त्यांना साखरेचा आजार. जखमा चिघळल्या आणि तळेगावच्या दवाखान्यात डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

मी भेटायला गेलो. खरं सांगायचं तर चूक त्यांचीच निघावी म्हणून गेलो होतो. किती घमेली टाकली विचारलं, तर पाचच म्हणाल्या. कशी भरली विचारलं, तर काठावरचं पुसून सपाट करावं तसा त्यांनी हवेतच तळहात आडवा फिरवला. मी म्हणालो, मी तर शीग लावून, काठाच्या वर ढीग येईल असं भरून तोललं होतं.

"तुमच्या खळ्यावर आमच्या वाटचं कवा शीग लावून मोजलंय का, दादा? मला कसं कळावं?"

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्याकडे भात घरात घेताना मापाला शीग लावत, मजुरीचं भात देताना ती पुसून टाकत. बीएस्सीला असताना सुट्टीत मी खळ्यावर असायचो, मोलांची गणितं तिथंच बसून सोडवायचो. शीग पुसणारा तळहात माझाच असायचा.