राक्षसाचं वाक्य पुरं करू नये

बाबांनी फेकलेलं तिसरं चित्राचं कार्डही भिंतीवर आपटलं... स्पीच थेरपीच्या मॅडमनी ते उचललं, पुसलं, पिशवीत टाकलं. "अंकल ऐसा गुस्सा करे तो मैं क्या सिखाऊं, आंटी? कल एक दिन देखती. नहीं तो आप दूसरे किसी को बुला लेव."

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. उजवा हात गेला आणि शब्द गेले. कळतं सगळं, फक्त तोंडात येत नाही. चाळीस वर्षं त्यांनी उर्दू, तेलुगू, इंग्रजी तिन्हींत दिवाणी दावे चालवले, आवाज न चढवता... आणि इथे हैदराबादच्या नल्लकुंट्यात घरी येऊन शिकवणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं.

मॅडम गेल्यावर माझी मुलगी इरा बाबांच्या, तिच्या आबांच्या, पलंगावर जाऊन बसली. हातात कॉमिक. आबिड्सच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून आणलेली पाच अंकांची इंग्रजी मालिका. मी वीस वर्षं साहित्य शिकवते, तेव्हा अशा पुस्तकांविषयी मी घरात काय बोलले असेन ते तुम्ही ओळखलंच असेल.

"हे काय वाचून दाखवतेस त्यांना?"

"आबांना आवडेल. फुल गुस्सेवाला हीरो आहे."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत.

गोष्ट एका घड्याळजीची आहे. बुजरा, किरकोळ माणूस. अपमान सहन झाला नाही की तो वाढत जातो, छपराएवढा, दगडासारखा... आणि जितका वाढतो तितके त्याचे शब्द कमी होतात. पहिल्या दोन अंकांत नुसती तोडफोड. गावाचा नगराध्यक्ष चौकात उभा राहून त्याच्या वतीने बोलतो, 'तो म्हणतोय, सगळ्यांना मारीन.' तो तसं म्हणालेला नसतो. कुणी त्याचं वाक्य पुरं केलं की तो आणखी हातभर वाढतो.

तिसऱ्या अंकात राग उतरतो, अंग मात्र उतरत नाही. मोडलेल्या दुकानात तो बसलाय, तळहातावर एक बायकांचं नाजूक घड्याळ. त्यातला स्क्रू त्याच्या नखाच्या कडेएवढाही नाही.

चौथ्या अंकात एक कोळीण टोपली ठेवून त्याच्यासमोर बसते. विचारते, काय हवंय? त्यानंतर सहा पानं कुणी बोलत नाही. बोलण्याचे फुगे आहेत, आत अक्षर नाही. फक्त भिंतीवरचं ऊन सरकतं... इतका संयम मी गद्यात फार थोड्या ठिकाणी वाचला आहे. चित्रकाराला माहीत होतं, की राक्षसाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि त्याला वेळ लागणार आहे.

हे सगळं मला त्या दुपारी दारात उभ्यानेच कळलं. इरा तिच्या हैदराबादी खिचडी भाषेत सांगत होती, पान धरून थांबत होती.

एका पानावर बाबांनी डाव्या हाताची मूठ आपटली. चेहरा लाल. मी लगेच पुढे झाले. "काय, बाबा? पुरे झालं? चष्मा हवाय? बंद करू?"

मूठ पुन्हा आपटली. जोरात.

"आई, तू नक्को," इरा म्हणाली. "तू सारखं आबांचे फुगे भरतेस."

"अगं, मदत करतेय मी."

"तुझ्या कादंबऱ्यांत लोक अर्धवट बोलतात तेव्हा किती छान म्हणतेस. घरात चालत नाही?"

खरं सांगायचं तर ही आमच्या घराची रीतच आहे. वकील, मास्तर, पुन्हा मास्तर. समोरचा अडला की आम्ही शब्द पुरवतो, तोही नेमका. चार महिने मी बाबांना दिवसभर नेमके शब्द पुरवत होते. एकही त्यांचा नव्हता.

मी खाली बसले. तोंड मिटून बसणं किती अवघड असतं... पंख्याचा आवाज, खाली भाजीवाल्याची हाक. बाबांची मूठ हळूहळू उघडली. त्यांनी बोट पानावर ठेवलं, त्या राक्षसाच्या तळव्यावर.

"हा..."

इराने पान तसंच धरून ठेवलं. मीही शब्द पुरवला नाही.

"हात."

बराच वेळ गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. वाटलं, आता कॉमिकच भिरकावतील.

"हात... कामाचा... नाही."

चार महिन्यांतलं पहिलं वाक्य. मला वाटलं होतं ते पाणी मागतील, किंवा माझं नाव घेतील. ते त्या घड्याळजीविषयी बोलले. त्या चार अंकांचं सार मला इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नसतं.

मी म्हणणार होते, 'होईल हो, बाबा, सगळं नीट होईल.' त्याआधी इरा म्हणाली, "हौ आबा. आता घड्याळं नाही करता येत त्याला."

बाबांनी मान हलवली. मग पान उलटायची खूण केली.

ज्यांनी कुणी हे रचलं, काढलं, आणि त्या सहा पानांचे फुगे रिकामे ठेवायचं धाडस केलं... त्यांचे आभार. शिकवते मी, शिकले मात्र त्यांच्याकडून.

सकाळी दहाला मॅडम आल्या. मी दारातच त्यांना एक विनंती केली, ते अडले तरी शब्द पुरवू नका, थांबा, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाबा दोनदा चिडले. पंचवीस मिनिटं बसले. जाताना मॅडम म्हणाल्या, गुरुवारी येते.