इर्जिकीनं बांधलेली ऑपरेटिंग सिस्टीम

डेअरीचा सुपरवायझर मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही. "ताई, आज संध्याकाळच्या दुधाला मशीनची पावती निघाली पाहिजे. नाही निघाली तर उद्यापासून दुधाची गाडी इथं थांबणार नाही. वरून तसं सांगितलंय," एवढं बोलून तो गेला.

सुशीलाताईंनी माझ्याकडं बघितलं. मी समोरच्या उघड्या मशीनकडं बघितलं. सकाळचं दूध नुकतंच आटपलं होतं.

मी दौंडला राहते. मशीनच्या पोटात जे छोटे कॉम्प्युटर असतात, त्यांचं सॉफ्टवेअर करणं हा माझा धंदा. मांडवगण फराट्याजवळच्या एका वस्तीवर सुशीलाताईंचं दूध संकलन केंद्र आहे. तिथं दुधाचं वजन होतं, जोडलेलं यंत्र फॅट मोजतं आणि मशीन दोन्ही आकड्यांची पावती छापतं. ताईंनी हे केंद्र सुरू करण्याआधी वस्तीवरच्या बायका किटल्या डोक्यावर घेऊन शेजारच्या गावापर्यंत चालत जायच्या. केंद्र गेलं तर त्यांची तीच पायपीट पुन्हा सुरू होणार होती. ताई पदर खोचून धुतलेल्या किटल्या परत धूत होत्या.

बिघाड साधा होता आणि वाईट होता. ज्या चिपवर मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम होती, ती चिप मेली होती. पावती छापणारा प्रोग्रॅम मीच लिहिलेला, तो माझ्याकडं होता. पण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन. तीच गेली. मशीन बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि इतक्या जुन्या बोर्डासाठी तयार सिस्टीम आता कुणी देत नाही.

एकच वाट उरली. ओपन सोर्स सिस्टीमचा सोर्स कोड घ्यायचा आणि आपणच बांधायची. सोर्स कोड म्हणजे माणसांनी लिहिलेला मजकूर, हजारो फायलींचा. कुणीही घ्यावा, बदलावा, वापरावा. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्यातली एकेक फाईल मशीनला कळेल अशा भाषेत उतरवतो, मग सगळे तुकडे जोडले जातात. मी आधी निवडायला बसले. आवाज नको, कॅमेरा नको, ब्लूटूथ नको. ताईंच्या मशीनला गाणी ऐकायची नव्हती. फॅट तपासणाऱ्या यंत्राशी बोलणारा भाग मात्र हवाच होता. तो पोर्तुगालमधल्या मिगेल नावाच्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला सापडला. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

मग लॅपटॉपला कामाला लावलं, थोडा वेळ त्याची चाल बघितली आणि हिशेब मांडला. या वेगानं उद्याची सकाळ उजाडली असती.

दाराशी आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे ताईंचे सासरे. लहानपणी मेंढरांमागं हिंडलेले, पुढं शेतीत रमलेले. "काय झालं पोरी? त्वांड का उतारलं?"

"आप्पा, काम एवढं मोठं आहे की एकट्या लॅपटॉपच्यानं आवरत नाही."

"मग इर्जिक घाला की!"

इर्जिक आता ट्रॅक्टरमुळं संपली. पूर्वी एखाद्याचं रान पडून राहिलं की शेजारपाजारचे आपापली औतं-बैलं घेऊन यायचे आणि दिवसात काम उरकायचे. मजुरी नाही. रानाच्या मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि पुढं कुणी बोलावलं तर आपलं औत घेऊन जायचं.

मी हसले आणि हसता हसता थांबले. अहो, आमच्या धंद्यात ही सोय आहेच! फायली चार कॉम्प्युटरवर वाटून द्यायच्या आणि तयार तुकडे एका ठिकाणी गोळा करायचे. मी फोन लावले. कॉम्प्युटर क्लास चालवणारे गायकवाड सर दोन मशीन घेऊन आले. ई-सेवा केंद्रवाला दत्ता त्याचा नवाकोरा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर आला, वर म्हणाला, "लेकराला बी इतकं जपलं न्हाई मी." सगळं केंद्रावरच मांडलं, कारण दूध गार ठेवायच्या टाकीसाठी तिथं जनरेटर होता. वीज गेली तरी काम थांबणार नव्हतं.

"मॅडम, कंपायलर कुणाचा वापरायचा?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "इर्जिकीला ज्याचं औत त्यानं आणावं. दुसऱ्याचं मागणं बरं दिसत न्हाई."

सर आणि दत्ता, दोघांनाही ते पटलं. मलाही घाई होती. म्हटलं, आणा आपापला. प्रत्येकानं मिळेल तो कंपायलर टाकला आणि काम सुरू झालं. काय पळत होतं म्हणून सांगू! स्क्रीनवर ओळींमागून ओळी. ताईंनी चहा केला. दुपारी सिस्टीम तयार होऊन मेलेल्या चिपऐवजी मेमरी कार्डावर चढली. मी कार्ड बोर्डात घातलं आणि बटण दाबलं.

चार ओळी आल्या आणि सगळं थांबलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'कर्नल पॅनिक'. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. तोच उभा राहीना.

"सर, तुमच्या मशिनी म्युझियमात ठिवायच्या लायकीच्या हायत," दत्ता म्हणाला.

"आणि तू नवीन घेतलंस म्हणून तुला अक्कल आली का रे?"

"गप बसा दोघं!" मी ओरडले. ताईंनी हातातला कप खाली ठेवला. मला वाईट वाटलं, पण दोघं गप बसले हे बरं झालं.

मी एकेका कॉम्प्युटरवर जाऊन कंपायलरची आवृत्ती बघितली. सरांची जुनी, दत्ताची आत्ताच उतरवलेली सगळ्यात नवी, माझी मधलीच. झालं! प्रत्येक आवृत्ती तुकड्यांची मांडणी थोडी वेगळी करते. पुष्कळदा चालून जातं. कर्नलमध्ये चाललं नाही.

आप्पांना सांगितलं, "प्रत्येकाचं अवजार वेगळं पडलं. तुकडे एकमेकांत बसेनात."

आप्पा काठी टेकून उठलेच. "आगं, मग ही नांगरट न्हाई, पेरणी हाय! नांगर कुणाचा बी चालतो. पेरायला समद्या रानात एकाच मापाची पाभर लागती. दोन फणातलं अंतर बदललं की पुढं तण काढायला कोळपं घालता येत न्हाई, पीकच कापून निघतं. आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही आधी विचारायचं नाही व्हय?" मी म्हटलं. ताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मी माझ्या कंपायलरचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि तिन्ही मशीनवर तोच टाकला. आधीचे सगळे तुकडे पुसले. पुन्हा पहिल्यापासून. उन्हं कलली तशा बायका किटल्या घेऊन यायला लागल्या आणि दाराबाहेर ओळीनं उभ्या राहिल्या. काम संपेना. सुपरवायझरची मोटारसायकल वाजली, तेव्हा शेवटचे तुकडे जोडले जात होते.

कार्ड. बोर्ड. बटण. चार ओळी आल्या, पाचवी आली, मग धो धो आल्या. पावतीचा प्रोग्रॅम उघडला.

ताईंनी पहिली किटली ओतली. वजन दिसलं, फॅट दिसली, प्रिंटर कुरकुरला आणि पावती बाहेर आली. सुपरवायझरनं तेच दूध स्वतःजवळच्या यंत्रावर तपासलं. आकडा जुळला. तो म्हणाला, "गाडी येईल उद्या." ताईंनी मान हलवली आणि दुसरी किटली घेतली. डोळे मात्र भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला बोलू?

दूध संपल्यावर अंगणात पंगत बसली. भाकरी, मटकीची उसळ आणि शेवयांची खीर. आप्पांनी आग्रह करून करून मला जेवू घातलं. तेवढ्यात ताईंनी विचारलं, "इर्जिकीला आलेलं समदं बसलं का?"

"एक राहिला," मी म्हटलं. "फॅटच्या यंत्राचा भाग ज्यानं लिहिला तो. पोर्तुगालला असतो."

मला वाटलं, हसतील. ताई हसल्या नाहीत. "त्याचं औत आपल्या रानात राबून गेलं. मग आपलं त्याच्याकडं कवा न्यायचं?"

दुसऱ्या दिवशी मी मिगेलला लिहिलं. आभार मानले आणि विचारलं, तुमचं काही काम आहे का? त्याचं उत्तर लगेच आलं. त्याच्याजवळ असं यंत्र आता नव्हतं. नवीन आवृत्ती निघाली की खऱ्या दुधावर तपासून देणारं त्याला कुणीतरी हवं होतं.

तेव्हापासून नवी आवृत्ती आली की मी वेगळ्या कार्डावर बांधून नेते. सकाळचं दूध आटपलं की ताई गाईचं एक, म्हशीचं एक भांडं तपासतात, आकडे सांगतात, मी पाठवते. मागच्या आवृत्तीत म्हशीच्या दुधाची फॅट चुकत होती. पोर्तुगालात म्हशी कुठल्या! ती चूक ताईंनी पकडली. आता त्या कोडमध्ये आभाराच्या ओळीत सुशीलाताईंचं नाव आहे. मी ते फोनवर काढून आप्पांना दाखवलं, तर म्हणाले, "बरं झालं, फेड झाली."

धंद्यात आलेल्या नव्या मुलांना मी एवढंच सांगते. कंपायलर सगळीकडं एकच ठेवा. आणि कोड फुकट मिळाला, तरी जेवण घालायचं विसरू नका.